उलटा पांजरपोळ

काळ्या कोटाला मांजराचे केस चिकटतात, तसे किस्से चिकटतात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. घरी येऊन कोट झटकला की कळतं, अरेच्चा, आज हाही आला वाटतं! माझ्याकडे असा एक काळा कोट आहे, कॉलेजसाठी शिवलेला. कॉलेज सुटलं, कोट राहिला. कॉलेज का सोडलं ते विचारू नका. नाशकातले सगळे म्हातारे तेच विचारतात आणि उत्तर ऐकायला एकही थांबत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला म्हातारी माणसं आवडत नाहीत. खोकतात, उपदेश करतात, आणि आम्हाला जग देतात ते उष्टं ताट सरकवावं तसं. मला आवडतात जनावरं. पण या गावात जनावरं आणि म्हातारे एकमेकांना इतके बिलगलेत की एक उचललं की दुसरं येतंच. मुलगा मुंबईला, मुलगी सासरी, नवरा किंवा बायको देवाघरी. खोलीत उरतं काय, तर एक म्हातारं माणूस आणि त्याच्या पायाशी एक शेपूट!

आमचं टोळकं म्हणजे मी, टांगेवाला कासम आणि कासमची घोडी बिजली. घोडीला कुणी कॉलेजात घातलं नव्हतं, म्हणून आमच्यात नियमाने काम करणारी तीच. या म्हाताऱ्यांची जनावरं त्यांच्याजवळच राहावीत म्हणून आम्ही जी काय लुडबुड करतो, तिच्यावरून गल्लीने आमचं नाव पाडलं, ‘उलटा पांजरपोळ’. पांजरपोळात माणसं जनावरं सांभाळतात. आम्ही जनावरांपायी माणसं सांभाळतो!

*

सुरुवात झाली गोदाकाकूंपासून. पंचवटीत एका माडीवरच्या खोलीत त्या एकट्या राहतात. मूलबाळ नाही. नवरा गेला त्याच्या दहाव्याच्या दिवशी गंगेवरून एक पिवळट पिल्लू मागे मागे आलं, ते राहिलं. त्याचं नाव दिवाण. दारात असा बसतो की येणाऱ्याला वाटावं, अर्ज घेऊनच आत जायचं.

काकूंचे गुडघे गेले. जिना उतरवेना. पण कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ खाली जायला तर हवं! काकूंनी डोकं चालवलं. खिडकीला विहिरीची जुनी कप्पी बांधली, दोराला वेताचा मोठा हारा, हाऱ्यात दिवाण. सकाळी स्वारी खाली, अर्ध्या तासाने स्वारी वर. खालच्या माणसाने फक्त ‘ओढा!’ म्हणायचं.

एके सकाळी कप्पी अडकली. हारा मधेच लोंबकळत राहिला. खाली ही गर्दी जमली. सगळे पोक्त लोक. एक म्हणाला, दोर कापा. दुसरा म्हणाला, दोर कापू नका. तिसऱ्याने आपल्या गावी बैल विहिरीत पडला होता ती हकिगत सुरू केली. हात कुणी लावीना, कारण स्नानं झालेली! दिवाण मात्र हाऱ्यातून सगळ्यांकडे शांतपणे बघत होता, दरबार भरवल्यासारखा.

कासमने टांगा खिडकीखाली घेतला. मी टपावर चढलो आणि कुत्रं काढलं. लगेच एक उपरणंवाले आजोबा पुढे आले. “अरे, कुत्र्याला शिवलास! आधी गंगेत बुडी मार जा.”

वरून काकूंचा आवाज आला, “तुम्हीच मारा भाऊराव! त्याचे हात तरी कामाने मळलेत!”

त्या दिवसापासून दिवाणाला फिरवायचं काम आमच्याकडे आलं. हारा निवृत्त झाला. आता त्यात काकू गोवऱ्या ठेवतात.

*

काकूंचा एक पुतण्या आहे, बापूराव. मुंबईला एका कचेरीत कारकून. वर्षातून दोनदा येतो, चहा पितो, खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजतो आणि जातो. गेल्या दिवाळीत आला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. माझ्यादेखत.

“काकू, आमच्या सासरची मंडळी गंगास्नानाला यायची म्हणतात. कुत्रं आहे त्या घरात ती पाणी पिणार नाहीत. मी शिमग्याला येईन. तोवर हे गेलं पाहिजे.”

“नाही गेलं तर?”

“मग तुमचं मागचं करायला मी नाही. क्रिया, पिंड, काही नाही. तुमचं तुम्ही बघा.”

बापूरावाशिवाय काकूंचं करणारं कुणी नाही. हे त्यालाही ठाऊक होतं आणि काकूंनाही. माझ्याशी, गल्लीशी, देवाशी तोंडाला तोंड देणारी ही बाई त्या दिवशी गप्प बसली. पुतण्या गेला. दिवाणाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मग स्वतःशीच म्हणाली, “सबंध जन्म एकटीनं काढला रे. पुढचंही एकटीनंच फिरायचं का, वाट न सापडता?”

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “काकू, ही काय धमकी झाली? मेल्यावर कावळा शिवला काय, न शिवला काय! आणि एवढंच असेल तर मी करतो तुमचं. आहे काय त्यात!”

काकूंनी वर बघितलं. “तू? आधी जानवं कुठे टाकलंस ते आठवून सांग!”

बरं वाटलं. निदान बोलल्या तरी! पण शिमगा काही लांब राहत नाही.

*

माझे जुने मास्तर पेन्शनीत निघाले, बायको गेली, डोळे अधू झाले. घरात फक्त एक पोपट. एका पायाने लंगडणारा, पण आवाज खणखणीत. मास्तरांना आता पिंजरा साफ करता येईना, मिरची कुठे संपली आणि बोट कुठे सुरू झालं ते दिसेना. बोटांना चिंध्या बांधलेल्या. शेजारी म्हणाले, पोपट सोडून द्या. लंगडा पोपट सोडायचा म्हणजे बोक्याला आमंत्रण!

कासम म्हणाला, “सदा, चल.” मी म्हणालो, “त्या घरात? त्या माणसाच्या छडीचे वळ आहेत माझ्यावर!” कासम म्हणाला, “पोपटाने मारलं होतं का?”

गेलो. मास्तरांनी आवाजावरून मला ओळखलं नाही. खुर्चीत ताठ बसून मुलाखतच सुरू केली. पिंजरा साफ करायला!

“शिक्षण कुठपर्यंत?”

“तुमच्या वर्गापर्यंत उत्तम चाललं होतं,” मी म्हणालो.

तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला, हुबेहूब मास्तरांचा, “बाकावर उभा राहा गाढवा!”

खोटं कशाला सांगू, माझा पाय उचलला गेला! कासम हसून हसून जमिनीवर बसला. मी मात्र पेटलो. रोज पिंजरा धुवायचा, रोज पोपट ओरडणार “बाकावर उभा राहा!” आणि रोज मी त्याच्या तोंडावर ओरडणार, “नाही राहत!” थंडीभर हे चाललं. मास्तर खुर्चीत बसून ऐकायचे.

एका दुपारी जिना चढताना ऐकलं, मास्तर एकटेच पोपटाशी बोलत होते. “राघू, आता पुरे. मिठू मिठू म्हण बघू.”

पोपट म्हणाला, “नाही राहत!”

आणि मास्तर हसले. इतकी वर्षं त्यांच्या वर्गात काढली, पण हा माणूस हसू शकतो हे मला जिन्यात उभं राहून कळलं. मी आत गेलो तर म्हणाले, “ये सदाशिव. पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. असं तिरकं उत्तर देणारा दुसरा विद्यार्थी मला मिळाला नाही.”

*

नानाभट म्हणजे घाटावरचे उपाध्ये. विधुर, मूलबाळ नाही, स्वभाव म्हणजे उन्हात तापलेली पायरी. फक्त एका जिवासमोर विरघळतात, ती त्यांची मांजर ठकी. ठकी म्हातारी झाली, दात गेले, उंदीर सुटायला लागले. नाना तिला दूधभात घालत. ठकी दूधभाताकडे बघून नानांकडे बघे. हाडं दिसायला लागली.

कासमने तिची मान हलकेच चाचपली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “हिला सुकट पाहिजे.”

भटाच्या घरात सुकट! मी नानांना एवढंच म्हणालो, “हिला हवापालट लागेल. संध्याकाळी टांग्यातून नेतो, परत आणतो.”

ठकी झाकलेल्या टोपलीतून रोज पुलाखाली जाऊ लागली. तिथे कासम तिच्यापुढे मूठभर सुकट भिजवून ठेवी. पंधरवड्यात पोट सुटलं, अंगावर चकाकी आली. एका संध्याकाळी नानांनी टोपली हातात घेतली, वास घेतला. आम्ही दोघांनी श्वास रोखला.

“हवापालटाला कुठे नेता रे?”

“पुलाखाली, नाना.”

“हवा कशी आहे तिथली?”

“जराशी... खारट आहे.”

नाना बराच वेळ ठकीच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, “मानवलीय तिला. रोज नेत जा.” आम्ही वळलो तर मागून आवाज आला, “आणि परत आणताना तोंड धुऊन आणत जा!”

त्याच दिवशी मी नानांना सहज विचारलं, तुमच्यामागे तुमचं कोण करणार? ते म्हणाले, “कोण करणार? ठकी? मी माझं करून ठेवलंय. ज्याला कुणी नाही त्याला जिवंतपणी आपलं आपण करता येतं. सकाळी माझे पिंड दिले, दुपारी घरी येऊन वरणभात खाल्ला.”

मी ते काकूंना जाऊन सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं. काकू हसल्या नाहीत. डाळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

*

कासमच्या गल्लीत एक खाला, म्हणजे मावशी, राहतात. मालेगावच्या विणकराच्या विधवा. त्यांनी एक बोकड ईदसाठी पाळला, अंगाखांद्यावर वाढवला, आणि ईद आली तेव्हा म्हणाल्या, “पुढच्या साली.” पुढच्या साली पुन्हा तेच. बोकड आता एवढा मोठा झालाय की खालांच्या खाटेवर खाला कोपऱ्यात आणि बोकड मधे! दर ईदेला मालेगावहून दीर येतो, बोकडाची पाठ दाबून बघतो आणि म्हणतो, “भाभी, आता तरी?”

यंदा दीर यायच्या आदल्या दिवशी खाला कासमला म्हणाल्या, “बेटा, दोन दिवस याला कुठंतरी ठेव. माझ्या तोंडून ‘नाही’ निघत नाही रे त्याच्यापुढं.”

कासमला जागा सुचली ती एकच. काकूंची माडी!

काकू म्हणाल्या, “अरे, आधीच कुत्र्यावरून माझी क्रिया अडलीय. आता बोकड आणलास?” पण तोवर बोकड जिना चढून वर आला होता आणि दिवाणाने सरकून त्याला सतरंजीवर जागा दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर काकू गॅलरीत उभ्या. तुळशीच्या कुंडीत नुसत्या काड्या! काकूंची तीस वर्षांची तुळस बोकडाने सफाचट केलेली. मी कासमकडे बघितलं, कासमने जिन्याकडे बघितलं. आता काय होतं देव जाणे!

काकूंनी बोकडाचं तोंड हातात धरलं. दाढीला एक मंजिरी चिकटली होती ती काढली. म्हणाल्या, “तुळस खाल्लीन याने. माळकरी झाला हा! आता याच्या मानेला कुणी सुरी लावायची नाही. सांग जाऊन तुझ्या खालाला.”

कासमने जाऊन सांगितलं. खालांनी ते तसंच दिराला सांगितलं. दिराने थोडा वेळ डोकं खाजवलं, मग म्हणाला, “बामनाच्या घरी दोन दिवस राहून आला? मग ठेवा भाभी. आता हा चार दिवस पाणीसुद्धा आपल्या हातचं पिणार नाही!”

संध्याकाळी खाला स्वतः तुळशीचं रोप घेऊन काकूंच्या जिन्याखाली आल्या. काकू वरून म्हणाल्या, “वर या की!” खाला म्हणाल्या, “गुडघे गेलेत बाई.” काकू म्हणाल्या, “माझेही!” मग एक वर खिडकीत, एक खाली ओट्यावर, दोघींनी तासभर गुडघ्यांवर गप्पा मारल्या. रोप हाऱ्यातून वर गेलं. कप्पी नीट चालली.

*

शिमग्याच्या आधी काकूंनी नानांना बोलावणं पाठवलं. नाना टांग्यातून आले, बसले, आणि ऐकल्याबरोबर उठले.

“बाईमाणसाचं? जिवंतपणी? आणि तेही कुत्र्यासाठी? पोथीत असं कुठे नाही, गोदाबाई!”

“कुत्र्यासाठी नाही,” काकू म्हणाल्या. “माझ्यासाठी. मला पुढची वाटही पाहिजे आणि हा दारातला सोबतीही पाहिजे. दोन्हीतलं एक निवडायला लावणारा तो बापू कोण?”

नाना मान हलवत राहिले. कासम जिन्याजवळ उभा होता. अगदी आदराने म्हणाला, “नानासाहेब, ठकीची तब्येत कशी आहे आता? हवा मानवतेय ना?”

नाना खाली बसले. उपरण्याने घाम पुसला. म्हणाले, “पोथीत नाही हे खरं. पण करू नये असंही कुठे लिहिलेलं नाही!”

*

आणि मग तो दिवस. काकूंना टांग्यातून गंगेवर नेलं. दिवाणाचा दोर माझ्या हातात. मास्तर आले, पिंजऱ्यासकट, कारण पोपटाला एकटं ठेवायचं नाही. खाला वरच्या पायरीवर बसल्या, बोकड शेजारी. नानांनी दर्भ मांडले, काकूंनी त्यांच्यामागून संकल्प म्हटला, आवाज जराही कापला नाही. तेवढ्यात पायऱ्या उतरत, हातात पिशवी, बापूराव! स्टेशनवरून थेट माडीवर गेला होता, तिथून शेजाऱ्यांनी इकडे धाडला.

“काकू! हे काय चालवलंय?”

“मी वारलेय,” काकू म्हणाल्या. “तुला तसदी नको म्हणून.”

नाना म्हणाले, जिवंतपणीच्या विधीला कावळ्याचं काही अडत नाही. पण काकू ऐकेनात. “कावळा शिवला पाहिजे. माझं काय राहिलंय ते मलाही कळू दे.” म्हणून पिंड मांडला आणि सगळे मागे सरकलो.

कावळे आले. कठड्यावर ओळीने बसले. पिंडाकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं. हलले नाहीत. ऊन चढलं, पायऱ्या तापल्या. काकूंच्या कपाळावर घाम. त्या दिवाळीतला तो गप्प चेहरा पुन्हा आला. मला कावळ्यांवर दगड घालावासा वाटला.

बापूरावाला जोर आला. “बघा! हे मान्य नाही वर. कुत्र्याच्या घरातला पिंड शिवेल कोण?”

नाना म्हणाले, “गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर शिवत नाही. जवळच्यांनी ती ओळखून वचन द्यायचं असतं.”

मी म्हणालो, “ओळखायचं कशाला? त्या इथेच बसल्यात! काकू, काय राहिलंय तुमचं? सांगून टाका!”

“मी कशी सांगू?” काकू म्हणाल्या. “मी मेलेय ना! तुम्ही ओळखा.”

कासम पुढे झाला. “काकू, तुमच्यामागे दिवाणाला मी सांभाळीन. टांग्यात बसवून फिरवीन.” कावळे ढिम्म. वरून खाला म्हणाल्या, “तुमच्या तुळशीला मी घालीन बाई पाणी, खालून ओरडून कुणाला तरी सांगीन.” ढिम्म. मास्तर म्हणाले, “मी दिवाणाला शिकवीन.” माझ्या हातातल्या दोराला एक हिसका बसला!

मग सगळ्यांच्या नजरा बापूरावाकडे वळल्या. घाटावरच्या, कठड्यावरच्या, पिंजऱ्यातल्या. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मुंबईची गाडी दुपारची होती. पोटात काही नव्हतं.

“बाकावर उभा राहा गाढवा!” पोपट म्हणाला.

बापूराव दचकून एक पायरी चढला. कुणी हसलं नाही. तो काकूंकडे बघत राहिला, आणि पहिल्यांदाच खोली न मोजता बघितलं असं मला वाटलं. हळूच म्हणाला, “राहू दे काकू कुत्रं. सासरची मंडळी धर्मशाळेत उतरतील. आणि तुमचं... तुमचं मी करीन. वेळ येईल तेव्हा. नीट करीन.”

कठड्यावरचा एक कावळा उडून खाली बसला. एक उडी पुढे आला. मान तिरकी केली. नानांनी हात जोडले. मीसुद्धा, काय सांगू, कोटाच्या खिशातून हात बाहेर काढून जोडले.

आणि हात जोडले म्हणजे दोर सुटला!

दिवाण शांतपणे चालत गेला, घाई नाही, धावपळ नाही, दिवाणासारखा. कावळ्याकडे एकदा बघितलं. कावळा बाजूला झाला. दिवाणाने पिंड खाल्ला. पत्रावळ चाटली. मग येऊन काकूंच्या पायाशी बसला आणि एक मोठी जांभई दिली.

बापूराव नानांकडे बघतोय, नाना पोथीकडे बघताहेत, पोथीत काही नाही.

काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठल्या. पदर खोचला.

“चला घरी सगळे, बापू तूसुद्धा. वरणभाताचं आधण ठेवते. मेल्यावर एवढी भूक लागते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं!”